वणव्यापुढचा निर्णय आणि नंतरचं शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत जानेवारी ते मे या काळात वणवे विझवायला जाणारा आमचा एक छोटा गट आहे. वनरक्षकांनी बोलावलं की जायचं आणि ते सांगतील तसं काम करायचं, एवढाच आमचा अधिकार. दरवर्षी नवी मंडळी येतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) कशी काढायची, पाचोळा हवेने उडवणारा ब्लोअर कसा धरायचा, हे डोंगरावरच शिकावं लागतं, ते इथे मिळणार नाही. आगीसमोर माणूस कसं ठरवतो आणि आग विझल्यावर त्यातून काही शिकतो का, एवढंच इथे आहे. उदाहरणं बरीचशी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातली आहेत, कारण तिथे वणव्यात माणसं गेली की काय घडलं ते मिनिटामिनिटाने लिहून काढतात आणि ते कोणालाही वाचायला मिळतं.

गवत पेटलं, झोडपून विझवलं. यात निर्णय कसला?

पहिला निर्णय जायचं की नाही हाच. त्यानंतर कुठून चढायचं, आगीच्या तोंडाशी, म्हणजे ती जिकडे सरकतेय तिकडे, जायचं की बगलेने, किती वेळ थांबायचं आणि कधी सोडून द्यायचं.

आग चढावर पळते आणि उतारावर रांगते. ऑस्ट्रेलियात एक ठोकताळा शिकवतात: उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. म्हणजे वीस अंशांच्या चढावर चौपट. माणसाचं बरोबर उलटं. त्याच चढावर त्याची छाती भरून येते. त्यात दुपारी वारा फिरतो, आणि सकाळी अकराला जिथे बसून चहा प्यायलात ती जागा दोन वाजता आगीच्या वाटेत येते. धुरापलीकडे काय चाललंय ते दिसत नाही, बरोबरचे दोघे आज पहिल्यांदाच आलेले असतात, आणि ठरवायला हातात पाच मिनिटं असतात. पाच मिनिटं म्हणजे बरीच झाली.

अनुभवी माणूस त्या पाच मिनिटांत विचार कसा करतो?

आपण ज्याला विचार करणं म्हणतो तसा तो करतच नाही. १९८०च्या दशकात गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांना गाठून विचारलं, की तुम्ही कठीण प्रसंगी कसं ठरवता? त्याची अपेक्षा अशी, की घाईत निदान दोन पर्याय तरी तोलून बघत असतील. अधिकारी म्हणाले, पर्याय वगैरे काही नसतात, काय करायचं ते दिसतंच. क्लाइनने खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूहळू उलगडा झाला. समोरचं दृश्य त्यांना आधी पाहिलेल्या कुठल्यातरी आगीसारखं वाटतं, आणि त्या ओळखीबरोबरच काय करायचं तेही सुचतं. मग ते मनातल्या मनात एकदा चालवून बघतात. कुठे अडलं नाही तर तेच करतात.

क्लाइनने नोंदवलेला एक किस्सा आहे. एका घराच्या स्वयंपाकघरात आग लागलेली, दिवाणखान्यातून पाणी मारलं तरी ती दबत नव्हती. लेफ्टनंटला काहीतरी खटकलं. खोली नको इतकी गरम होती आणि आगीचा आवाज नको इतका कमी. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीन खाली बसली. आग तळघरात होती. घराला तळघर आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःला ही अतींद्रिय शक्ती वाटत होती. मुलाखतीत बोलता बोलता लक्षात आलं, की स्वयंपाकघरातली आग कशी वागते हे त्याला पाठ होतं आणि ही आग तशी वागत नव्हती.

आमच्याकडे गावातले एक जुने वनमजूर येतात. ते वर पोचले की मूठभर गवत उपटतात, चुरगळतात आणि कानाशी नेतात. आवाज आवडला नाही तर म्हणतात, "थांबा जरा." का, ते त्यांना सांगता येत नाही. आम्ही थांबतो.

मग वीस वर्षांचा अनुभव असला की झालं?

नाही. आमच्या गटाला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच.

क्लाइन अंतःप्रेरणेच्या बाजूचा, तर डॅनियल काहनेमन हा दुसरा मानसशास्त्रज्ञ तिच्याकडे संशयाने बघणारा. दोघांनी मिळून २००९ साली एक लेख लिहिला. भांडायला बसले आणि बऱ्याच गोष्टींवर एकमत झालं. त्यांचं म्हणणं असं, की अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवायचा तर दोन अटी हव्यात. तुमच्या क्षेत्रात घडणाऱ्या गोष्टींना काही नेम हवा, आणि आपण ठरवलेलं बरोबर होतं की चूक हे तुम्हाला वेळेत आणि स्पष्ट कळायला हवं. वणव्यात पहिली अट अर्धीमुर्धी पूर्ण होते, दुसरी फार कमी वेळा. कारण बहुतेक चुका आग माफ करते.

आमचीच गोष्ट सांगतो. मार्च महिना, संध्याकाळी पावणेसातला एक वणवा विझला. मंडळी खूश. काळ्या तोंडांचे फोटो काढले, गूळ-शेंगदाणे खाल्ले, उतरलो. रात्री एकला फोन आला की डोंगर पुन्हा पेटलाय. एक वाळकं खोड आतून धुमसत राहिलं होतं. रात्री वारा पडला की बाकीचं आपोआप निवतं, या भरवशावर आम्ही त्याआधी कितीतरी वेळा असेच उतरलो होतो आणि काही झालं नव्हतं. म्हणजे प्रत्येक वेळी आम्ही चुकत होतो आणि प्रत्येक वेळी आग आम्हाला शाबासकी देत होती. याला लोक अनुभव म्हणतात.

अमेरिकेतल्या तुकड्या आग विझल्यावर हातमोजे काढून कडेची राख उलट्या हाताने चाचपत जातात. ऊब लागली तर उकरायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे फोटोही चांगले येत नाहीत. आता आम्हीही करतो.

मान गल्चचं नाव सारखं निघतं. तिथे काय झालं?

मोंटाना राज्यात मिसुरी नदीला मिळणारी ही एक तीव्र उताराची घळ. ५ ऑगस्ट १९४९. वीज पडून लागलेली आग, ती विझवायला विमानातून उड्या मारणाऱ्या जवानांची तुकडी पाठवली. एकाला विमानात मळमळलं म्हणून त्याने उडी मारली नाही, पंधरा जण उतरले. वायरलेसचं पॅराशूट उघडलं नाही, संच फुटला. खाली एक वनरक्षक एकटाच आगीशी झुंजत होता, तो येऊन मिळाला. एकूण सोळा.

तुकडीचा म्होरक्या वॅग डॉज, वय ३३. अबोल माणूस, हाताने कामसू. त्या वर्षी तो तळावरच्या कामात होता, त्यामुळे मुलांबरोबर सराव झाला नव्हता. मुलं तरणीबांड, सॅली नावाचा एक तर १७ वर्षांचा. वरून पाहून सगळ्यांचं मत पडलं की ही 'दहा वाजताची आग' आहे. त्या काळी वनखात्याचा दंडक होता, की आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. दहा वाजताची आग म्हणजे रात्रभर खपायचं आणि सकाळी घरी. कार्ल वाइक या अभ्यासकाने पुढे १९९३ साली या प्रसंगावर लिहिताना बोट ठेवलं ते इथेच. एकदा आगीला नाव दिलं की डोळ्यांना त्या नावापुरतंच दिसतं. म्होरक्या अस्वस्थ होता, पण तोही मध्येच खाण्याचं सामान घ्यायला मागे गेला. म्होरक्या जेवायला वेळ काढतोय म्हटल्यावर मुलांनी काय समजायचं?

सगळे नदीकडे उतरत होते. नदी म्हणजे सुटका. तेवढ्यात डॉजला दिसलं की आगीने घळ ओलांडली आहे, ती आता आपल्या बाजूच्या गवतात आहे आणि नदीच्या वाटेवरच उभी आहे. त्याने तुकडी उलटी फिरवली. आता चढ, आणि मागे आग. थोड्या वेळाने तो ओरडला, "अवजारं टाका." मग तो थांबला, खिशातून काड्या काढल्या आणि समोरचं गवत पेटवलं.

हे दृश्य त्या मुलांच्या जागी उभं राहून बघा. मागून आगीची भिंत येतेय आणि तुमचा म्होरक्या पुढे आणखी एक आग लावतोय. ती गवतात सरसर वर गेली, मागे काळी राख उरली. डॉज त्या राखेत शिरला आणि सगळ्यांना हाताने बोलावू लागला. कोणी आलं नाही. वेडा झाला असंच वाटलं असणार. तो ओला रुमाल तोंडावर धरून राखेत पालथा पडला. मोठी आग आली, राखेत जाळायला काही नव्हतं, बाजूंनी निघून गेली. डॉज उठून उभा राहिला. वर धावलेल्यांपैकी सॅली आणि रम्झी या दोघांना कड्यात एक फट सापडली. बाकीच्यांपैकी अकरा त्याच दिवशी गेले, दोघे दुसऱ्या दिवशी दवाखान्यात.

डॉजची युक्ती आम्हाला शिकवाल का?

नाही.

आणि ती त्याची एकट्याची युक्तीही नव्हती. अमेरिकेतल्या मैदानी गवताळ मुलखात तिथले मूळ रहिवासी पूर्वीपासून असं करत. पण जंगलाच्या आगीचं शिक्षण घेतलेल्या त्या तुकडीला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे डॉज बरोबर असूनही त्याचा निर्णय एका माणसापुरताच उपयोगी पडला. जी गोष्ट आधी एकदाही दाखवली नाही ती ऐन आगीत ओरडून सांगता येत नाही. आमच्या गटात कोणीही, कशासाठीही, आग लावायची नाही. कायद्याने तो गुन्हाही आहे.

'अवजारं टाका' हे इतकं मोठं का मानतात? जीव जात असताना कोण कुऱ्हाड धरून बसेल?

६ जुलै १९९४, कोलोरॅडो, स्टॉर्म किंग डोंगर. चार दिवसांपूर्वी वीज पडून लागलेली किरकोळ आग. थंड हवेची आघाडी येणार, वारा सुटणार, हा इशारा हवामान खात्याने दिला होता, पण डोंगरावर राबणाऱ्यांपर्यंत तो पोचला नाही. ओकच्या झुडपांतून आग चढावर सुटली आणि चौदा जण गेले. त्यांतल्या एकाच्या पाठीवर सामान होतं आणि हातात साखळी करवत तशीच होती. माथा तिथून साधारण २५० फुटांवर. करवत आणि पिशवी टाकून पळाले असते तर वेग किती वाढला असता, याचा पुढे हिशेब मांडला गेला.

वाचलेल्यांपैकी एकाने जे सांगितलं ते मला विसरता येत नाही. पळता पळता त्याला कळलं की करवत अजून खांद्यावरच आहे, तेव्हा तो ती ठेवायला अशी जागा शोधू लागला जिथे ती जळणार नाही. मागे आग. आणि मनात विचार, की मी माझी करवत खाली ठेवतोय यावर माझाच विश्वास बसत नाही.

अवजार म्हणजे ओळख. तिकडे कुऱ्हाड आणि कुदळ एकाच दांड्यावर असलेलं पुलास्की नावाचं अवजार असतं, १९१०च्या महावणव्यात आपली माणसं खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्कीच्या नावाचं. ते हातातून टाकणं म्हणजे आपण हरलो आणि आता फक्त पळणारे उरलो, हे कबूल करणं. म्हणून आता तिकडे टाकण्याचाही सराव करतात. आम्ही पहिल्याच दिवशी नव्या मुलांच्या हातात आठ हजारांचा ब्लोअर देतो, चढावर पळायला लावतो आणि मध्येच शिट्टी वाजवतो. सगळे हळूच खाली ठेवतात. फेकत कोणीच नाही.

नियम पाठ करून घेतले तर?

अमेरिकेत १९५७ साली दहा स्थायी आदेश ठरवले, सैन्यातल्या पहारेकऱ्यांच्या आदेशांच्या धर्तीवर. मग 'सावध व्हा' असं सांगणाऱ्या परिस्थितींची यादी आली, आज ती अठरांची आहे. स्टॉर्म किंगच्या चौकशीत निघालं, की दहापैकी आठ आदेश पाळले गेले नव्हते आणि अठरापैकी बारा परिस्थिती हजर होत्या. सगळ्यांना याद्या पाठ होत्या.

या आकड्यांचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला गेला. एक, माणसं बेफिकीर होती. दुसरा, जिथे काही झालं नाही अशा आगींत मोजायला गेलं तरी कितीतरी आदेश मोडलेले दिसतील. मला दुसरा खरा वाटतो. अठ्ठावीस गोष्टी डोक्यात धरून कोणी आग विझवू शकत नाही.

१९९०मध्ये ॲरिझोनातल्या एका आगीत सहा जण गेले. तिथे असलेला पॉल ग्लीसन हा तुकडीप्रमुख पुढच्या वर्षी चार शब्दांवर आला. आमच्या खिशातल्या कार्डावर ते मराठीत आहेत: टेहळ्या, संपर्क, सुटकेची वाट, सुरक्षित जागा. चारांपैकी एक जरी नसेल तर कामाला हात लावायचा नाही. सुटकेची वाट एकच असेल तर ती वाट म्हणून मोजायची नाही, दोन हव्यात. हे चार शब्द म्हणजे पुढचे प्रश्न आपणहून विचारायला लावणारी खुंटी आहे, याहून जास्त काही नाही.

ऐन वेळी ठरवणार कोण?

एकच जण, आणि तो कोण हे सगळ्यांना आधी माहीत हवं. १९७०मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात एकामागून एक आगी लागल्या तेव्हा वेगवेगळ्या दलांचे वायरलेस जुळेनात, हुद्द्यांची नावं जुळेनात. त्यातून घटनास्थळाच्या नेतृत्वाची एक समान पद्धत तयार झाली. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच, फार तर सात जण. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली दिलेली मार्गदर्शक तत्त्वं तिच्याच वळणाची आहेत. डोंगरावर आमचा म्होरक्या वनरक्षक. तो आमच्यापेक्षा वयाने लहान असला तरी.

चूक कोणाची हे शोधायला नको का? नाहीतर लोक शिकणार कसे?

शोधायला हवी, पण ज्या खोलीत शिक्षा ठरते त्याच खोलीत शिकणं होत नाही.

२००१ साली वॉशिंग्टन राज्यात थर्टीमाइल नावाच्या आगीत चार तरुण जवान गेले. काही वर्षांनी त्या आगीच्या प्रमुखावर मनुष्यवधाचे आरोप ठेवले गेले. शेवटी तो खोटी माहिती दिल्याच्या किरकोळ गुन्ह्यावर निभावला, पण तोवर सगळीकडे संदेश गेला होता, की तोंड उघडण्याआधी वकील गाठा. त्यानंतरच्या चौकशांत लोक हातचं राखून बोलू लागले. न्याय झाला की नाही यावर वाद घाला. माहिती आटली हे मात्र खरं.

उलट बाजूचं काम २००२पासून ॲरिझोनात सुरू झालेल्या एका केंद्राने केलं आहे. वणव्यातून घेतलेले धडे गोळा करायचे, एवढंच त्याचं काम. तिथे मृत्यूच नव्हे, झाड अंगावर पडता पडता वाचलं, ट्रॅक्टर उलटला, कोणाला उष्माघात झाला, हेही नोंदलं जातं. लिहिताना 'त्याने असं करायला नको होतं' हे वाक्य टाळतात आणि 'त्या क्षणी त्याला ते शहाणपणाचं का वाटलं' हे विचारतात. प्रश्नाची दिशा बदलली की उत्तरं लांब होतात. लांब उत्तरांत कामाची गोष्ट सापडते.

यार्नेल हिलमध्ये तरी चूक उघड होती ना?

३० जून २०१३, ॲरिझोना. वीस जणांची कसलेली तुकडी. एकजण टेहळणीला बाहेर होता म्हणून वाचला, एकोणीस गेले. ते जळून काळ्या झालेल्या पट्ट्यात होते, म्हणजे वणव्यात मिळू शकेल तितक्या सुरक्षित जागी. तिथून ते खाली निघाले, झुडपांनी भरलेल्या खोलगट भागातून एका वाडीच्या दिशेने. मध्ये अर्धा तास संपर्क जवळपास नाही. वादळाचा वारा फिरला आणि आग वाटेत आली.

का निघाले, हे सांगणारा कोणी उरला नाही. राज्याच्या वनविभागाने नेमलेल्या चौकशी पथकाला निष्काळजीपणा आढळला नाही. दोन-तीन महिन्यांनी त्याच राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने त्याच वनविभागाला ५ लाख ५९ हजार डॉलर दंड ठोठावला. कुठला अहवाल बरोबर, असं मला विचारतात. मी दोन्ही वाचायला सांगतो. पहिला माणसांच्या डोक्यात शिरायचा प्रयत्न करतो, दुसरा ज्या यंत्रणेने त्यांना तिथे उभं केलं तिला जाब विचारतो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

एका आगीतून शिकलं की पुढच्या आगीत ते उपयोगी पडतंच ना?

कधी कधी अंगाशी येतं.

ऑस्ट्रेलियात १९८३च्या ॲश वेन्सडेच्या आगींत ७५ जण गेले. अभ्यासातून दिसलं, की शेवटच्या क्षणी पळणारे जास्त मरतात आणि नीट तयारी केलेलं घर बऱ्याचदा वाचतं. यातून धोरण घडलं: तयारी करून घर राखा, नाहीतर लवकर निघा. निष्कर्ष चुकीचा नव्हता. ७ फेब्रुवारी २००९ला मेलबर्नमध्ये तापमान ४६.४ अंशांवर गेलं, संध्याकाळी वारा नैर्ऋत्येकडून फिरला आणि आगीची लांबलचक बगल एका झटक्यात तोंड झाली. त्या दिवशी १७३ माणसं गेली, निम्म्याहून जास्त घरांच्या आत. धोरण ज्या आगींवरून बेतलं होतं, ही आग त्यांतली नव्हतीच. शाही आयोगाने ६७ शिफारशी केल्या. धोक्याच्या पट्टीवर सगळ्यात वरची नवी पायरी आली, जिचा अर्थ एकच: आज घर राखायचं नाही, निघा.

कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइज गावाचं मला जास्त वाईट वाटतं. २००८च्या आगींत तिथले रस्ते तुंबले होते. गावाने धडा घेतला. गावाचे विभाग पाडले, एकेक विभाग रिकामा करायची योजना केली, मुख्य रस्ता एकाच दिशेने सोडायचं ठरवलं, सरावही केला. इतकं सगळं फार थोडी गावं करतात. ८ नोव्हेंबर २०१८च्या सकाळी निखारे गावभर एकाच वेळी पडले. विभागवार योजना होती आणि सगळे विभाग एकदम पेटले. ८५ मृत्यू. तरीही त्या दिवशी शेकडो लोक वाचले ते योजनेत नसलेल्या एका गोष्टीने: रस्ता बंद आहे हे दिसल्यावर जवानांनी त्यांना मोकळ्या वाहनतळांवर थांबवून धरलं.

आणि हवाईतलं लहायना. ८ ऑगस्ट २०२३ला आग डोंगराकडून उतरली, शंभराहून अधिक माणसं गेली. भोंगे होते, पण वाजवले नाहीत. आपत्ती विभागाच्या प्रमुखांचं स्पष्टीकरण असं, की भोंगा वाजला की लोक त्सुनामी समजून उंचावर पळतात, आणि उंचावर तर आग होती. लोकांना दिलेलं एक शिक्षण दुसऱ्या संकटात आडवं आलं. त्यांचा निर्णय मला पटत नाही, पण हसण्यासारखाही वाटत नाही.

मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिला काय सांगू?

इशारा आला की निघायचं, आदेशाची वाट बघायची नाही. तिथे दोन पायऱ्या असतात: इशारा म्हणजे तयार राहा, आदेश म्हणजे तत्काळ बाहेर. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा मांजर असेल तर इशारा हाच आदेश. पासपोर्ट आणि इमिग्रेशनची कागदपत्रं एका पिशवीत. आणि निघायची वेळ शांत डोक्याने आधीच ठरवून ठेवायची: अमुक डोंगरावर धूर दिसला की निघायचं. जवानही हेच करतात. धुरात उभं राहून ठरवण्यापेक्षा आदल्या दिवशी ठरवलेलं पाळणं सोपं. मेलबर्नला कोणी असेल तर त्याने धोक्याची रोजची पातळी बघायची सवय लावावी. तिथे आता चारच पातळ्या आहेत.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

आपला वणवा कॅलिफोर्नियासारखा शेंड्यांवरून पळत नाही, तो बहुतेक जमिनीवरचा, गवत आणि पाचोळ्याचा असतो. आणि तो लावलेला असतो. गवत चांगलं यावं म्हणून, मोहाची फुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून, किंवा कोणीतरी विडी टाकली म्हणून. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आग दिसली की वनकर्मचाऱ्यांना मोबाईलवर सूचना पाठवतं. त्याचा उपयोग होतो. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एक टेकडी सहज जळून जाते.

जमिनीवरची आग म्हणून ती साधी असं समजू नका. ८ एप्रिल २०२१ला नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर गेले. ११ मार्च २०१८ला तमिळनाडूत तेनीजवळ कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर गवताच्या आगीत सापडले, वीसहून जास्त मृत्यू. आमच्या मुलांना या दोन्हींबद्दल बातम्यांपलीकडचं काही वाचायला द्यायचं असतं, मिनिटामिनिटाचा हिशेब असलेलं. तसं काही आमच्या हाती आजवर आलेलं नाही. म्हणून मोंटानाची घळ तोंडपाठ आणि नागझिऱ्याचा उतार कसा होता ते माहीत नाही, अशी आमची गत आहे.

ट्रेकला असताना वणवा दिसला तर?

विझवायला जाऊ नका. आगीच्या वरच्या अंगाला असाल तर माथ्याकडे धावण्याचा मोह आवरा, बाजूला सरका. घळीत उतरू नका, ती धुराड्यासारखी ओढते. उघडा कातळ, नांगरलेलं शेत किंवा आधीच जळून थंड झालेला पट्टा गाठा. मग वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

तुमची नंतरची बैठक कशी असते?

अमेरिकी सैन्याकडून वणवेवाल्यांनी उचललेले चार प्रश्न आम्हीही वापरतो. काय ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? तसं का झालं? पुढच्या वेळी काय करायचं? पायथ्याशी, गाडीत बसायच्या आत, वीस मिनिटं. घरी गेलं की आठवणी आपापसांत जुळतात आणि सगळ्यांची एकच गोष्ट होते, म्हणून तिथेच. सगळ्यात नवा माणूस आधी बोलतो. वनरक्षक असेल तर तो शेवटी. दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, एवढा एकच नियम आम्हाला अजून नीट जमत नाही.

एकजण वहीत लिहितो. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली नोंद तशीच उतरवतो: "दोनच्या सुमारास वारा फिरला. विचारल्यावर चौघे म्हणाले, लक्षात आलं होतं. कोणी बोललं नाही. का? एकाला वाटलं सगळ्यांना दिसलं असेल. एकाला वाटलं आपण नवीन. दोघांना कारण सांगता आलं नाही."

तेव्हापासून दर अर्ध्या तासाला शिट्टी होते. काम थांबतं आणि सगळ्यात नव्या माणसाला मोठ्याने सांगावं लागतं, वारा कुठून आहे.